आजचं, खरं आणि बरोबर

त्या वहीत तीन हातांची अक्षरं आहेत. तांबड्या पेन्सिलीच्या खुणा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या. डावीकडे कललेलं, घाईचं अक्षर माझं. आणि प्रत्येक शब्दानंतर जरा जास्त जागा सोडून, दाबून लिहिलेलं अक्षर इस्तरचं. इस्तर म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. बाप्तिस्म्याचं नाव एस्तेर, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत आणि या वहीत. गेल्या साली आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीनं एक स्मरणिका काढली. तीत माझ्यावर अर्धं पान आहे. मास्तरांच्या घरी इंग्रजी शब्दांचा जो सराव चाले त्यात दावीद सर्वांत पुढे असे, असं तीत छापलंय. छापणाऱ्या पोराचा दोष नाही. तो विचारायला आला तेव्हा मी होकाराची मान हलवली होती. आयुष्यभर मी अशीच मान हलवत आलो. आता मान आपोआपच हलते, वयानं. म्हणून हे प्रकरण लिहून टाकतो.

आमचं घर म्हणजे शाळेला लागून असलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. नगरहून जामखेडला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, पाऊस विसरून जातो अशा भागात. (नगरचं आता अहिल्यानगर झालं. मी पत्त्यावर नवं नाव नीट लिहितो, पण तोंडात जुनंच येतं.) दारापुढं लिंब, लिंबाला घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. तो शाळेला सकाळी वाजायचा आणि देवळाला रविवारी. एकाच तुकड्याचे दोन आवाज कसे यायचे देव जाणे, पण रविवारचा आवाज गोड वाटायचा. पहाटे आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग अण्णांचा खोकला, मग शेळी. हिवाळ्यात घरात सगळीकडे हुलग्याचा वास असे, कारण आई आठवड्यातून दोनदा शेंगोळी करायची. लसूण-मिरचीच्या वाटणात शिजलेली ती बोटाएवढी शेंगोळी, वर कच्चं तेल. आम्ही दोघं ताटात ती मोजून घ्यायचो आणि मोजण्यावरून भांडायचो.

इस्तरचे आई-बाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, साखर कारखान्यांच्या बाजूला. बैलगाडीत संसार टाकून जायचे ते उन्हाळ्यात परत. बाकीची मुलं गाडीत बसून जायची. इस्तरला मात्र अण्णांनी ठेवून घेतलं. बहिणीला ते म्हणाले, "सखू, पोरगी हुशार आहे. हिच्या हातात कोयता देऊ नकोस." आत्या म्हणाली, "दादा, तुज्या हातात देते. मंग तू काय देशील ते दे." ती आली तेव्हा आठ वर्षांची होती, माझ्याहून वर्षाने मोठी. पहिल्या दिवशी तिनं आमच्या घरातलं सगळं पाहून घेतलं आणि मला विचारलं, "तुमच्यात पुस्तकं देवाची हायेत का वाचायची?"

अण्णा व्हर्नाक्युलर फायनल झालेले मास्तर. इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मिशनच्या बंगल्यातली एक म्हातारी मॅडम मायदेशी जाताना त्यांना एक जाडजूड शब्दकोश देऊन गेली. त्याची पुढची पानं वाळवीनं खाल्लेली आणि शेवटची कुणी तरी फाडलेली, त्यामुळे आमच्या घरातलं इंग्रजी 'बी'पासून सुरू व्हायचं आणि 'डब्ल्यू'च्या मध्येच संपायचं. त्यातले शब्द जुने, कुणी न वापरायचे. पुढे मी इंग्रजीचा शिक्षक झालो तेव्हा कळलं, की त्यांतले निम्मे शब्द खुद्द इंग्रजांनीही माळ्यावर टाकलेले होते. अण्णांना तेच आवडायचे. म्हणायचे, "सोपा शब्द रस्त्यात भेटतो. अवघड शब्दाला घरी बोलवून जेवायला घालावं लागतं."

रीत अशी. सकाळी रूळ वाजवायच्या आधी अण्णा एक शब्द आणि त्याचा अर्थ वहीच्या डोक्यावर लिहीत. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघांनी त्याचं एकेक वाक्य करायचं. प्रार्थना झाली की जेवणाआधी अण्णा ते मोठ्यानं वाचत आणि पसंत पडलं तर तांबडी खूण करीत. वाक्याला तीन अटी होत्या. शब्द बरोबर बसला पाहिजे. वाक्य खरं पाहिजे. आणि ते आजचं पाहिजे. काल कुणी काय केलं, उद्या काय होईल, राजा आणि राणी, सिंह आणि उंदीर, काही चालायचं नाही. "खोट्या वाक्यात शब्द मुरत नाही," अण्णा म्हणायचे. त्यामुळे ती वही म्हणजे आमच्या घराची रोजनिशीच झाली होती. शेळी कधी व्याली, आईला ताप कधी आला, सगळं त्यात सापडायचं, फक्त ऐटबाज इंग्रजीत.

एकदा 'बिटाइम्स' हा शब्द होता. अर्थ, वेळेत, लवकर, उशीर व्हायच्या आत. मी लिहिलं, "आय ॲम बिटाइम्स." अण्णांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. इस्तरनं लिहिलं होतं, "द कॉक क्रू बिटाइम्स, बट मामा रोझ बिफोर हिम." कोंबडा वेळेत आरवला, पण मामा त्याच्याही आधी उठले. अण्णा ते दोनदा वाचून आईला म्हणाले, "ऐकलंस? कोंबड्यानंसुद्धा ऐकायला पाहिजे हे." आई म्हणाली, "त्याला काय सांगताय, मला सांगा. तुमच्या आधी मी उठते, ते न्हाई कुटं लिवलं."

दुसऱ्या एका दिवशी 'गॅरुलस' होता, म्हणजे वायफळ बडबड्या. मी शेळीवर वाक्य केलं. अण्णा म्हणाले, "शेळी ओरडते. बडबडीला माणूस लागतो." इस्तरनं श्रीपतीवर केलं होतं. श्रीपती हा आमच्या मंडळीतला शेतकरी. घरी आला की पाणी पिता पिता तो दोन गावांच्या बातम्या सांगायचा, त्यांतली एक खरी असायची. तांबडी खूण इस्तरलाच. 'पेन्युरी'च्या दिवशी मात्र तिचंही चुकलं. आमच्या घरात पेन्युरी आहे असं तिनं लिहिलं. अण्णांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "गरिबी वेगळी. पेन्युरी म्हणजे घरात मीठसुद्धा नाही. आपल्याकडे मीठ आहे ना?" ती उठून डबा बघून आली आणि म्हणाली, "हाय मामा. पर थोडंच." अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मला ते हसणं अजून ऐकू येतं. माझ्या वाक्यावर ते तसे कधी हसले नाहीत. माझं वाक्य चुकलं तर दुरुस्त करायचे, बरोबर आलं तर खूण करायचे, आणि वही पुढे सरकवायचे. तिच्या वाक्यापाशी थांबायचे. घरातला एकुलता मुलगा मी, आणि रोज संध्याकाळी माझ्या बापाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी वाक्यात रमतो हे मी ऐकायचो. त्या वर्षी आम्ही दोघंही सातवीत होतो. नगरच्या बोर्डिंग शाळेत आमच्या भागातून एकच जागा मिळायची आणि नाव अण्णांनी सुचवायचं होतं. अण्णा काही बोलले नव्हते. पण एकदा आईशी बोलताना ते म्हणाले, "दावीद इथं राहूनही शिकेल. तिला कोण शिकवणार?" मी चुलीमागच्या भिंतीला टेकून शेंगा फोडत होतो. त्यानंतर मी किती तरी वेळ नुसती टरफलंच फोडत बसलो.

सुगीचा सण जवळ आला होता. आमच्यात सुगीच्या रविवारी प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं पीक देवळात आणून अर्पण करतं. अण्णा मंडळीतले वडीलधारे, म्हणून आधी आलेलं सामान आमच्याच घरी राही. बाजरीची पोती, भोपळे, शेंगा. त्यात श्रीपतीनं गुळाची एक ढेप आणून टाकली होती, गोणपाटात गुंडाळलेली. ती कोपऱ्यात होती. तिला हात लावायचा नाही हे आम्हाला सांगायचीही गरज नव्हती. ती देवाची होती.

त्या सकाळी वहीवर 'परलॉइन' शब्द होता. चोरणं, पण गुपचूप, विश्वासाच्या जागी. दिवसभर मला काही सुचलं नाही. कोण चोरणार आमच्या गावात आणि काय? दिवे लागायची वेळ झाली. इस्तर बाहेर शेळी बांधत होती. तिचं वाक्य लिहायचं अजून राहिलं होतं. मी वही उघडली, कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे पाहिलं आणि लिहिलं, "धिस मॉर्निंग एस्तेर परलॉइन्ड अ लम्प ऑफ जॅगरी." आज सकाळी एस्तेरनं गुळाचा खडा चोरला.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की ते नुसतं वाक्य होतं. पोरवयात सुचलं, लिहिलं. तसं नव्हतं. लिहिताना मला नीट माहीत होतं की मी काय करतोय. आणि शब्द इतका बरोबर बसला याचा आनंदही झाला होता. तो आनंद हीच माझी सगळ्यात मोठी लाज आहे.

प्रार्थना झाली. अण्णांनी वाक्य मोठ्यानं वाचलं आणि थांबले. माझ्या वाक्यापाशी ते पहिल्यांदा थांबले. मग उठले, कंदील घेऊन कोपऱ्यात गेले, गोणपाट बाजूला केलं. आणि तिथं ढेपेचा एक कोपरा खरंच नव्हता. मुठीएवढी खाच. अण्णांचं बोट त्या खाचेवरून फिरलं, ते मी पाहिलं. मी गूळ खाल्ला नव्हता, ढेप उघडून पाहिलीही नव्हती. मी खोटं लिहिलं आणि पुरावा जणू वाट बघत बसला होता.

"इस्तर," अण्णा म्हणाले, "हे खरं आहे?"

"न्हाई, मामा."

आई चुलीपासून म्हणाली, "अवो, ढेप आनतानाच फुटली आसंल की. त्या श्रीपतीनं सायकलीच्या मागं बांदून आनलीया."

"या वहीत आजवर खोटं आलेलं नाही," अण्णा म्हणाले. ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते घाबरून म्हणाले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे झाकून भरवसा टाकला, त्याची ती गोष्ट डगमगत होती. त्यांनी वही इस्तरपुढे ठेवली. "तुझं वाक्य राहिलंय. लिही."

तिनं खाली बसून, वही गुडघ्यावर घेऊन, दाबून लिहिलं. अण्णांनी वाचलं, "आय परलॉइन्ड नथिंग टुडे, आय स्वेप्ट द फ्लोर." मी आज काहीच चोरलं नाही, मी जमीन झाडली. तीस-बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. सातवीतल्या पोरानं याहून चांगलं वाक्य केलेलं मी पाहिलं नाही.

आता वहीत दोन वाक्यं होती आणि दोन्ही खरी असू शकत नव्हती. अण्णा माझ्याकडे वळले. "दावीद, तुझं वाक्य खरं आहे ना?"

एक 'नाही' पुरला असता. त्याला इंग्रजीही लागत नव्हतं.

"हो, अण्णा," मी म्हणालो.

इस्तरनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. अवघड शब्दाचा अर्थ लागल्यावर ती जशी बघायची तशी बघत होती. अण्णांनी त्या संध्याकाळी कुणाच्याच वाक्यावर खूण केली नाही. शेंगोळी होती. कुणी मोजली नाहीत.

तिला कुणी मारलं नाही, मंडळीपुढे उभं केलं नाही. पण देवाच्या अर्पणातलं उचललेली पोरगी घरात ठेवून अण्णा रविवारी देवळात उभे राहू शकत नव्हते. तीन दिवसांनी त्यांनी तिला कारखान्याकडे जाणाऱ्या एकाच्या सोबतीनं एसटीत बसवून आई-बापांकडे पाठवलं. निघताना आई तिला भाकरी बांधून देत रडत होती. इस्तर माझ्याजवळ आली आणि तिनं अर्धी झालेली पेन्सिल माझ्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुला. मला तिकडं कोयता देतील." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीवर शब्द नव्हता. त्यानंतर कधीच नव्हता.

नाताळला श्रीपती आला. पाणी पिता पिता त्याची गाडी सुरू झाली. "मास्तर, त्या ढेपेचं सांगायचंच ऱ्हायलं की. वढ्यात सायकल घसरली, ढेप दगडावं. कोपराच फुटला. म्हटलं देवाला फुटकं कसं द्यावं? तर फुटकं तेवडं मी खाल्लं आन् धडकं तेवडं देवाला आनलं. माफ करंल न्हवं देव?" तो हसला. आई हातातलं काम सोडून उभी राहिली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही बोललो नाही.

त्यांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच एसटीनं तिला आणायला गेले. दोन दिवसांनी एकटेच परत आले. पायांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "येत नाही म्हणाली." जूनमध्ये मी बोर्डिंगला गेलो. माझं नाव अण्णांनीच सुचवलं. नाही तर जागा रिकामी गेली असती.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी शिकलो, शिक्षक झालो, नगरला घर बांधलं. वर्गात 'चोरणं' आलं की सोपा शब्द सांगायचो. तो दुसरा शब्द माझ्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. मला शब्दांचं वेड आहे असं लोक समजायचे. खरं तर मी त्यांना भ्यायचो. अण्णा वारले तेव्हा त्यांच्या पेटीत, पवित्र शास्त्राखाली ही वही निघाली. त्या शेवटच्या पानावर दोन्ही वाक्यं तशीच होती, बिनखुणेची. खाली एका वाक्याला पुरेल एवढी जागा कोरी होती. अण्णांनी ती कुणासाठी ठेवली होती हे मला तेव्हाच कळलं. तरी त्यानंतरही मी वीस वर्षं घालवली.

स्मरणिका हातात आली त्या आठवड्यात मी वही उघडली आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं. 'परलॉइन' शब्द घालून, दोनदा कच्चं करून. अर्थ असा: एस्तेरनं काहीच चोरलं नाही, चोरलं ते मी, तिची जागा. मग एसटी पकडली.

इस्तर आता जामखेडच्या बाजूला तिच्या सासरच्या गावी असते. नवरा गेला, मुलगा टेम्पो चालवतो. ती ओट्यावर बसून तूर पाखडत होती. डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. कधी गेलं ते मी विचारलं नाही. आम्ही मधल्या वर्षांत लग्नांत, मयतीत भेटलो होतो, पण असं कधी नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"दावीद? लई थकलास रं."

मी वही पुढे केली. मला वाटलं होतं तिला आता इंग्रजी वाचता येणार नाही. एवढंही मला माहीत नव्हतं. तिनं चष्मा पुसला. म्हणाली, "तोडीवर औषदाच्या पाकिटावरचं समद्या बाया माज्याकडनंच वाचून घ्यायच्या." आणि बोट ठेवत ठेवत तिनं आधी स्वतःचं जुनं वाक्य वाचलं, मग माझं जुनं, मग नवं. शेजारी शेळी ओरडत होती. मी वाट बघत होतो.

"मामा आल्ते तोडीवर," ती म्हणाली. "चल म्हनले, चूक झाली म्हनले. मी इचारलं, दावीदनं वहीत लिवलं का? तर मामा गप. मग मी न्हाई आले. मामांनी म्हटलं म्हनून खरं, आसं मला नको हुतं. ज्यानं लिवलं त्यानं खोडायचं. तुमच्याच घरात शिकले ना मी?"

"आता लिहिलंय, इस्तर."

तिनं पुन्हा एकदा वाक्यावरून बोट फिरवलं. "शबुद बरोबर बसलाय. खरं बी हाय." वही तिनं माझ्या मांडीवर ठेवली. "पर आजचं न्हाई."

अण्णांच्या तीन अटींतली तिसरी अट मला आयुष्यात कधी अवघड वाटली नव्हती. इस्तर आत गेली आणि एक पेन्सिल आणून माझ्या हातात दिली, नातीची असावी, मागे रबर असलेली. "आजचं लिही," म्हणाली आणि परत सूप हातात घेतलं.

कोऱ्या जागेत आता एक ओळही मावण्यासारखी नव्हती, म्हणून समासात लिहिलं, "आय केम टुडे, बट नॉट बिटाइम्स." मी आज आलो, पण वेळेत नाही.

तिनं वाचलं. "व्हय," म्हणाली. "हे आजचं हाय."

मी पेन्सिल तिच्यापुढे धरली. तिनं नकाराची मान हलवली. "तांबडी खूण मामा करायचे. ती माज्याच्यानं न्हाई व्हायची." मग उठता उठता म्हणाली, "भाकरी खाऊन जा. हुलगं शिजवलंय."

मी जेवलो. परतीच्या एसटीत वही मांडीवर होती. खिडकीतून धूळ येत होती म्हणून मी ती मिटून घेतली. समासातल्या वाक्याला खूण नाही. ती करणारं आता कुणी उरलेलं नाही.